बिल्ला सापडतो, घर सापडत नाही: सीमाभागातल्या सैनिकांची यादी कुणाकडं आहे?

ऑगस्ट २०२२. सियाचीनवर एका जुन्या बंकरमध्ये जवानांना एका सैनिकाचे अवशेष सापडले. जवळ धातूचा छोटा ओळख-बिल्ला होता आणि त्यावर आर्मी नंबर. नंबर जुळवल्यावर नाव निघालं: १९ कुमाऊंचे लान्स नाईक चंद्रशेखर हर्बोला. मे १९८४ मध्ये ऑपरेशन मेघदूतच्या काळात गस्तीवर असताना ते हिमस्खलनात सापडले होते. अडतीस वर्षांनी त्यांचं पार्थिव उत्तराखंडात हल्द्वानीला घरी आलं. घरच्या माणसांसमोर लष्करी इतमामात अंत्यसंस्कार झाले.

त्या वेळी बिल्ल्याचं खूप कौतुक झालं, आणि ते योग्यच होतं. पण बिल्ल्यानं अर्धंच काम केलं. उरलेलं अर्धं काम रेजिमेंटच्या रेकॉर्डनं केलं. नंबरावरून नाव, नावावरून गाव, गावावरून घर, अशी साखळी अखंड होती. पत्नीचा पत्ता माहीत होता. त्यामुळं बंकरपासून घरापर्यंतचा प्रवास काही दिवसांत झाला.

आता हाच प्रश्न आपल्या भागासाठी विचारून बघू. बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड, गडहिंग्लज, कोकण आणि घाटमाथा इथून दोन्ही महायुद्धांत हजारो माणसं गेली. त्यांच्यापैकी कुणाचा बिल्ला उद्या इराकच्या वाळूत, इटलीच्या शेतात किंवा मणिपूरच्या डोंगरात सापडला, तर तो कुणाच्या दारात पोचेल? प्रामाणिक उत्तर असं की बहुतेक वेळा पोचणार नाही, कारण मधले कागद तीन-चार राज्यांत विखुरलेत आणि ते एकत्र लावायचं काम कुणीच अंगावर घेतलेलं नाही.

बिल्ल्यावर असतं तरी काय?

ब्रिटिश सैन्यात ओळख-बिल्ला आला १९०७ मध्ये. तेव्हा तो ॲल्युमिनियमचा होता, १९१४ मध्ये लाल फायबरचा झाला. सैनिकाचा नंबर, नाव, पलटण आणि धर्म एवढाच त्यावरचा मजकूर. धर्म लिहायचं कारण साधं होतं: अंत्यविधी कुठल्या पद्धतीनं करायचा ते कळावं म्हणून.

पण बिल्ला एकच होता, आणि त्यात मोठी गोची होती. सैनिक पडला की मृत्यूची खबर द्यायला सोबती त्याचा बिल्ला काढून नेत. खबर पोचायची, पण मागं राहिलेल्या देहाला नाव उरत नसे. हे लक्षात आल्यावर सप्टेंबर १९१६ मध्ये दोन बिल्ल्यांची पद्धत सुरू झाली. लाल गोल बिल्ला काढून न्यायचा, हिरवा अष्टकोनी देहासोबत ठेवायचा.

तारीख लक्षात घ्या. मराठा पलटणींची मेसोपोटेमियातली मोठी हानी त्याच्या आधीच झाली होती. टेसिफोनची लढाई नोव्हेंबर १९१५ ची. कूटचा वेढा डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. त्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या.

दुसरी अडचण नंबरची. आज आर्मी नंबर एका माणसाचा एकच. पहिल्या महायुद्धात मात्र नंबर पलटणीपुरता असायचा. ११० व्या मराठा पलटणीत जो नंबर एका माणसाचा, तोच ११७ व्या पलटणीत भलत्याच माणसाचा असू शकतो. म्हणजे पलटणीचा आकडा झिजलेला असला, तर नुसत्या नंबराचा काही उपयोग नाही.

बाकीच्या देशांतही हे कोडं सोपं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी शिपायाच्या बिल्ल्यावर नावच नसायचं, तुकडी आणि क्रमांक एवढंच. सोव्हिएत सैनिकांना छोटी डबी दिली जायची आणि आतल्या चिठ्ठीवर त्यांनी स्वतः नाव-पत्ता लिहायचा. ‘लिहिलं की मरण येतं’ या समजुतीनं अनेकांनी ती कोरीच ठेवली. अमेरिकेत १२ जुलै १९७३ ला सेंट लुईसच्या अभिलेखागाराला आग लागली आणि दीड कोटीहून जास्त फायली जळाल्या. बिल्ला हातात आहे, पण जुळवायला कागद नाही, अशी गत तिथंही झाली.

पलटण कळली, माणूस कळला नाही

२०१६ मध्ये उत्तर फ्रान्समध्ये रिशबूर गावाजवळ खोदकामात दोन सैनिकांचे अवशेष निघाले. खांद्यावरच्या ३९ या आकड्यावरून ते ३९ व्या गढवाल रायफल्सचे असल्याचं ठरलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये लाव्हांतीच्या लष्करी दफनभूमीत त्यांना सन्मानानं ठेवण्यात आलं. गढवाल रायफल्सचे प्रतिनिधी त्यासाठी भारतातून गेले होते. पण त्या दोघांची नावं कळली नाहीत. गढवालमधल्या कुठल्या दोन घरांतली ही माणसं, हे कुणालाच सांगता आलं नाही.

पलटणीचा सन्मान पलटण करते. घराला मात्र नावच लागतं.

आपल्याकडचं सगळ्यात ठळक उदाहरण नाईक यशवंत घाडगे यांचं आहे. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा हा बावीस वर्षांचा तरुण. ३/५ मराठा लाइट इन्फंट्रीत असताना १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर खोऱ्यात त्यानं एकट्यानं मशीनगनच्या मोर्च्यावर चाल केली आणि तिथंच त्याला मरण आलं. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्याचा पुतळा आहे, इटलीत मोंतोनेला स्मारक झालंय. पण त्याची कबर किंवा दहनस्थळ ठाऊक नाही. त्याचं नाव कासिनोच्या स्मारकावर, बेपत्ता सैनिकांच्या यादीत आहे. व्हिक्टोरिया क्रॉसवाल्याची ही कथा असेल, तर साध्या शिपायाचं काय झालं असेल याचा अंदाज करा.

त्यात आपल्या बहुतेक हिंदू सैनिकांचं दहन झालं. कोहिमाला टेकडीच्या वरच्या टोकाला जे दहन-स्मारक आहे, त्यावर ९१७ हिंदू आणि शीख सैनिकांची नोंद आहे. म्हणजे बिल्ला सापडला, तरी ‘इथं तुमचे आजोबा आहेत’ म्हणून दाखवायला जागा असेलच असं नाही. अशा घरांसाठी यादीतली नोंद हीच काय ती खूण.

नावाऐवजी आकडा

आणि यादीतच घोळ आहे. इराकमधल्या बसरा स्मारकावर चाळीस हजारांहून जास्त मृतांची नोंद आहे. पण भारतीयांपैकी फक्त अधिकाऱ्यांची नावं दगडावर कोरली गेली. शिपाई, नाईक, हवालदार यांच्यासाठी पलटणीचं नाव आणि पुढं ‘इतर इतके’ असा आकडा. नावं वेगळ्या नोंदवह्यांत गेली.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशननं एप्रिल २०२१ मध्ये हे स्वतःच्या अहवालात मान्य केलं. पहिल्या महायुद्धातल्या ४५ ते ५४ हजार मृतांची नोंद गोऱ्या सैनिकांच्या बरोबरीनं झाली नाही. आणखी किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसांची नोंद नावानं झाली नाही किंवा झालीच नाही. यात आफ्रिका आणि इजिप्तमधल्या माणसांचा वाटा मोठा आहे, पण भारतीयही आहेत. ब्रिटिश सरकारनं त्याबद्दल संसदेत माफी मागितली.

हे सगळं परदेशातच घडलं असं समजू नका. सातारा जिल्ह्यात आणि कोकणात कितीतरी गावांत संगमरवरी पाटी दिसते: या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यांतले इतके मेले. पारावर, शाळेत, जुन्या चावडीच्या भिंतीवर. रोज आपण तिच्यासमोरून जातो. आकडा आहे, नाव एकही नाही. गावात नावं आठवणारी माणसं तेव्हा होती म्हणून कुणाला ते खटकलं नसेल. आज त्या माणसांची नातवंडंही सत्तरी-ऐंशीत आहेत.

गावाचा पत्ता बदलला, त्याचं काय?

सीमाभागाची खरी अडचण इथं सुरू होते. कमिशनच्या भारतीय नोंदींत बऱ्याचदा बापाचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हा दिलेला असतो. ऐकायला सोपं वाटतं. पण तो पत्ता त्या काळातला आहे.

समजा, नोंदीत ‘चंदगड, बेळगाव’ असं आहे. परदेशातला किंवा दिल्लीतला शोधणारा आजच्या बेळगाव जिल्ह्यात चंदगड शोधेल आणि थकून सोडून देईल. चंदगड १९५६ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात गेलं, हे आपल्याला माहीत आहे, त्याला नाही. ‘कुलाबा’ लिहिलं असेल तर आज रायगड. ‘सातारा’ लिहिलं असेल तर कदाचित आजचा सांगली जिल्हा. ‘रत्नागिरी’ लिहिलं असेल तर १९८१ नंतरचं सिंधुदुर्ग असू शकतं. ‘कारवार’ आणि ‘बेळगाव’ तेव्हा मुंबई इलाख्यात होते, आज कर्नाटकात. आणि नुसतं ‘उचगाव’ लिहिलं असेल तर बेळगावजवळचं की कोल्हापूरजवळचं, हे कुणी सांगायचं?

नावांचं तर विचारूच नका. भरती कारकुनानं कानाला ऐकू आलं तसं इंग्रजीत लिहिलं. पवारचं पोवार झालं, शिंदेचं सिंदे, जाधवचं जाधाव. शिवाय अर्धं गाव एकाच आडनावाचं. ‘रामा, बाप गणू’ एवढ्यावर कुठली भावकी, कुठली आळी, हे फक्त गावातलं माणूस सांगू शकतं.

संस्थानी मुलखात आणखी एक पदर आहे. ग्वाल्हेरची पायदळ तुकडी नोव्हेंबर १९१४ मध्ये पूर्व आफ्रिकेत टांगाच्या लढाईत होती. हैदराबादचे लान्सर्स इजिप्त-पॅलेस्टाइनच्या आघाडीवर होते. या फौजा संस्थानांच्या, म्हणून त्यांचे बरेच कागद संस्थानी दप्तरात. कोल्हापूर, बडोदा आणि हैदराबादच्या फौजांतल्या तुकड्या स्वातंत्र्यानंतर मराठा लाइट इन्फंट्रीत आल्या, पण जुनी दप्तरं त्या त्या राज्याच्या अभिलेखागारात राहिली. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदा, हैदराबादच्या मराठी वाचकांनी म्हणूनच हा विषय ‘बेळगाव-कोल्हापूरवाल्यांचा’ समजू नये.

‘मराठा रेजिमेंटचं केंद्र तर बेळगावातच आहे, तिथं विचारलं की झालं,’ असं अनेकांना वाटतं. केंद्र इथं आहे हे आपलं भाग्यच. पण सगळे मराठी सैनिक मराठा रेजिमेंटमध्ये नव्हते. महार रेजिमेंटची पहिली बटालियन १ ऑक्टोबर १९४१ रोजी उभी राहिली ती बेळगावातच, आज मात्र त्या रेजिमेंटचं केंद्र मध्य प्रदेशात सागरला आहे. बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. बरेच जण रसद, वाहतूक आणि हमाली पथकांत होते. त्यांची दखल तर सगळ्यात शेवटी घेतली जाते.

लाहोरचा कागद जालंधरला पोचला

हे जमणारच नाही का? जमतं. पंजाब सरकारनं १९१९ मध्ये महायुद्धात गेलेल्या माणसांची गावनिहाय नोंदवही तयार केली होती. फाळणीनंतर ती लाहोरच्या संग्रहालयात पडून राहिली. ब्रिटनमधली पंजाबी हेरिटेज संस्था आणि ग्रीनिच विद्यापीठ यांनी लाहोरच्या संग्रहालयाच्या मदतीनं ती पानं स्कॅन केली. एकूण सुमारे ३ लाख २० हजार माणसांच्या नोंदी. नोव्हेंबर २०२१ मध्ये पहिले तीन जिल्हे सगळ्यांसाठी खुले झाले: जालंधर, लुधियाना आणि सियालकोट. आता जालंधरचा माणूस आपल्या गावाचं नाव टाकून पणजोबाची ओळ वाचू शकतो.

भारत आणि पाकिस्तान यांच्यामधल्या सीमेवरून कागद पलीकडं जाऊ शकतो. मग बेळगाव आणि कोल्हापूर यांच्यात दोन-अडीच तासांचं अंतर असताना अडतंय कुठं? सीमाप्रश्नावर दोन्ही राज्यांची भूमिका काही असो. सैनिकांच्या नावांची एक सामाईक यादी करायला न्यायालयाच्या निकालाची वाट बघावी लागत नाही. कागद कन्नडमध्ये असोत, मराठीत असोत की मोडीत, माणूस तोच आहे.

अशी यादी करायला नवं काही शोधायचं नाही. कमिशनच्या नोंदींतून मुंबई इलाख्यातली आणि संस्थानांतली गावं वेगळी काढायची. जुन्या तालुका-जिल्ह्यासमोर आजचा तालुका, जिल्हा, राज्य लिहायचं. मग गावागावांत ती ओळ वाचून दाखवायची. पहिलं काम कॉलेजच्या इतिहास विभागाला जमेल. दुसरं जमेल ते दोन्ही राज्यांची जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयं, माजी सैनिकांच्या संघटना आणि ग्रामपंचायती यांना मिळून.

घरात काय शोधायचं?

वाचकांसाठी एक ताबडतोब करण्यासारखी गोष्ट आहे. देव्हाऱ्यात, ट्रंकेत, फोटोच्या चौकटीत आजोबा-पणजोबांचं पदक असेल तर त्याची कड उजेडात धरून बघा. पहिल्या महायुद्धातल्या पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. बिल्ल्यावर जे असतं, जवळपास तेच. घासून चकचकीत करू नका, अक्षरं जातात. पदक चांदीऐवजी काशाचं असेल तरी टाकाऊ समजू नका. हमाली आणि मजूर पथकांतल्या माणसांना तशी पदकं दिली होती.

पदकाचा फोटो काढा, कड वाचून वहीत उतरवा आणि खाली घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारून गाव, आळी, भावकी लिहा. पेन्शनचे कागद, जुनी पत्रं, मनीऑर्डरची पावती असेल तर त्याचाही फोटो. ही एवढी ओळ उद्या कुणाच्या हाती बिल्ला आला तर उपयोगी पडेल.

आणि बिल्लाच सापडला तर?

तो घाईघाईत व्हॉट्सॲपवर फिरवू नका. त्याची कारणं आहेत.

पहिलं, बिल्ला सापडला म्हणजे माणूस तिथं मेला असं नाही. पहिल्या महायुद्धात भारतातून दहा लाखांहून जास्त माणसं परदेशी गेली, त्यांतली सुमारे ७४ हजार मेली. बाकीची परतली. त्यांतल्या कितीतरी जणांचे बिल्ले पडले, हरवले. कमिशनच्या यादीत फक्त मृतांची नोंद असते, त्यामुळं यादीत नाव नाही म्हणजे बिल्ला खोटा, असंही नाही. एखाद्या घरात आजोबा म्हातारे होऊन गेले आणि आपण ‘तुमचे शहीद आजोबा’ म्हणून दारात उभे, असं होऊ नये.

दुसरं, खोटे बिल्लेही असतात. व्हिएतनाममध्ये अमेरिकन सैनिकांच्या नावाचे बनावट बिल्ले पर्यटकांना वर्षानुवर्षं विकले गेले. युद्धाच्या वस्तूंचा बाजार मोठा आहे, आणि जिथं पैसा तिथं नक्कल.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं. बिल्ल्यासोबत हाडं दिसली तर खोदणं थांबवा, काहीही हलवू नका, पोलिसांना कळवा. बिल्ला कुठल्या हाडांपाशी, किती खोल, शेजारी काय होतं, यावरच ओळख ठरते. बिल्ला उचलून खिशात घातला, तर १९१५ मध्ये जे झालं तेच आपण पुन्हा करतो. खबर निघते आणि देह अनामिक राहतो.

नुसता बिल्ला असेल, तर दोन्ही बाजूंचा स्पष्ट फोटो, सापडल्याची नेमकी जागा आणि तारीख लिहून संबंधित रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला कळवा. कुटुंब सापडलं तर त्यांना आधी कळू द्या, गावाला नंतर.

सांगशाकची टेकडी

मणिपूरमध्ये उखरूलजवळ सांगशाक नावाचं गाव आहे. मार्च १९४४ मध्ये जपानी फौज इंफाळकडं येत असताना ५० व्या पॅराशूट ब्रिगेडसोबत ४/५ मराठा लाइट इन्फंट्री तिथं लढली. काही दिवसांच्या त्या लढाईनं जपान्यांचा वेळ खाल्ला आणि इंफाळ-कोहिमाला तयारीला उसंत मिळाली. त्या डोंगरांत आजही शेत खणताना काडतुसं, हेल्मेटं, बिल्ले वर येतात. तिथले स्थानिक अभ्यासक ते जपून ठेवतात.

त्यांतल्या एखाद्या बिल्ल्यावर आपल्याकडचं आडनाव असेल, तर मणिपूरमधल्या माणसानं आपलं काम केलंच आहे. त्यानं उचललं, धुतलं, वाचलं. त्यानं बेळगावला फोन करून ‘हे गाव तुमच्याकडचं का?’ म्हणून विचारलं, तर उत्तर द्यायला इथं कुणीतरी आणि काहीतरी यादी हवी. बेळगावच्या शर्कत युद्धस्मारकावर दरवर्षी पुष्पचक्रं वाहिली जातात. त्याच दिवशी दोन्ही राज्यांच्या सैनिक कल्याण अधिकाऱ्यांनी शेजारी बसून निदान एका तालुक्याची यादी वाचायला घेतली, तरी सुरुवात होईल. खानापूरपासून करा किंवा चंदगडपासून. पण नावं ओळखणारी माणसं हयात आहेत, तोवर करा.